आहेरातली वस्तू बदलायची आहे आणि बिल नाही

बदलायला आणलेल्या वस्तूचं बिल हातात घेतलं की दुकानदार त्यावर चार गोष्टी बघतो: वस्तू आपल्याकडचीच आहे का, विकली कधी, विकली कितीला, आणि पैसे कसे आले. भेट मिळालेल्या वस्तूचं बिल आपल्याकडे नसतं, कारण देणाऱ्याने ते मुद्दाम काढून ठेवलेलं असतं. किंमत दिसू नये हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. पण पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या मार्गाने देता आली, तर बहुतेक दुकानांत वस्तू बदलून मिळते. चौथ्याचं उत्तर देणाऱ्याच्या खात्यात असतं, म्हणून रोख पैसे मात्र सहसा मिळत नाहीत. दुकानात जाताना ‘बदलून हवंय’ म्हणायचं की ‘पैसे परत हवेत’ म्हणायचं, हे इथेच ठरतं.

खोक्यावर विश्वास ठेवू नका

पहिला प्रश्न, दुकान कोणतं. बहुतेकांची चूक इथे होते. साडीच्या खोक्यावर लक्ष्मी रोडवरच्या दुकानाचं नाव असतं, आपण तिथे जातो, आणि साडी निघते दादरची. आपल्याकडे चांगलं खोकं कोणी टाकत नाही. ते माळ्यावर जातं आणि पुढच्या लग्नाला दुसरीच साडी घेऊन बाहेर पडतं. पिशवीचंही तेच. त्यामुळे खोकं आणि पिशवी यांना पुरावा धरायचं नाही. पुरावा वस्तूवरच शोधायचा.

साडीत तो बहुधा आतल्या घडीत, दोऱ्याने बांधलेल्या किंवा पिनेने टोचलेल्या टॅगवर असतो. टॅगवर एक क्रमांक, कधी बारकोड, आणि कधीकधी अर्थ न लागणारी चार-पाच अक्षरं असतात. ही अक्षरं म्हणजे दुकानदाराने स्वतःसाठी सांकेतिक पद्धतीने लिहिलेली खरेदीची किंमत. तुम्हाला ती वाचता येणार नाही, पण ज्याने लिहिली तो ती एका नजरेत ओळखतो. किंमत खोडलेला टॅगसुद्धा म्हणून फेकायचा नाही.

डबाबंद वस्तूंवर दोन बारकोड असू शकतात, आणि त्यांतला फरक कळला तर फेरा वाचतो. खोक्यावर छापून आलेला, ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड कंपनीने भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतलेला असतो. तो वस्तू कोणती एवढंच सांगतो. त्याच मॉडेलच्या देशभरातल्या प्रत्येक नगावर तोच आकडा असतो, त्यामुळे दुकान शोधायला त्याचा उपयोग शून्य. त्याच्या शेजारी वरून चिकटवलेलं छोटं स्टिकर मात्र कामाचं. तेरा आकड्यांतला पहिला आकडा २ असेल, तर तो संकेत दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे. म्हणजे तो त्या दुकानाने स्वतः छापलाय आणि त्यांच्या संगणकावर लगेच उघडेल. काही दुकानं अक्षरं मिसळलेला आपला वेगळाच कोड वापरतात, तोही चालतो.

देणाऱ्याने किंमत झाकायच्या नादात नेमकं हेच स्टिकर नखाने खरवडलेलं असतं. अर्धं उरलं असेल तर उरलेलं ओढू नका. बारकोडचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग फाटला तरी तो वाचता येतो, कारण प्रत्येक रेघेचा तुकडा पूर्ण रुंदीने शिल्लक असतो. डावीकडच्या किंवा उजवीकडच्या रेघाच गेल्या तर मशीन वाचत नाही, पण खालचे आकडे दिसत असतील तर काउंटरवर ते हाताने टाकता येतात.

मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांचं काम सर्वांत सोपं. मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक खोक्यावर छापलेला असतो (फोन चालू असेल तर *#०६# दाबूनही दिसतो), आणि दुकानं तो बिलावर लिहितात. म्हणजे बिल नसलं तरी त्या क्रमांकावरून बिल सापडतं. फक्त फोन चालू करून बघितला असेल तर बदलीचा विषय तिथेच संपला. सील फुटलेला, चालू झालेला फोन नवा म्हणून पुन्हा विकता येत नाही. मिक्सर, इस्त्री, किटली अशा लहान उपकरणांच्या बाबतीत खालच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो, पण दुकानं तो बिलावर क्वचितच घेतात.

वस्तूची अवस्था

दुकानदार वस्तू परत घेतो ती पुन्हा विकता येईल या हिशेबाने. साडीला आपल्याकडे शब्दच आहे: घडी मोडली. अंगावर लावून आरशात बघितलं आणि पुन्हा घडी घातली, तरी इस्त्रीच्या मूळ रेषेवर घडी बसत नाही आणि विकणाऱ्याच्या हाताला ते लगेच कळतं. एवढ्यावर नकार मिळेलच असं नाही, पण फॉल-पिको झालं, पदराला गोंडे लावले किंवा ब्लाऊजपीस कापला की काम संपलं. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. साडी ओटीत आली असेल तर तिला हळदकुंकू लागलेलं असतं, तांदळाचे दाणे घडीत अडकलेले असतात. कुंकवाचा डाग पुसायला जाऊ नका, पसरतो. दाणे झटकून टाका, हळदीची कोरडी पूड मऊ ब्रशने काढा आणि जे आहे ते दुकानात आधीच दाखवा. तिथे त्यांना सापडलं तर पुढचं बोलणंच बिघडतं.

मिक्सर एकदाही लावून बघायचा नाही. भांड्यात एकदा पाणी फिरवलं तरी पात्याच्या खालच्या रबरी चकतीत ओल राहते आणि काउंटरवरचा माणूस नेमकं तिथेच बोट फिरवतो. डिनर सेटचे नग मोजून न्या. ३२ नगांच्या सेटमधला एक वाडगा घरी राहिला तर तो सेट उरत नाही. पुस्तक बदलून मिळतं, पण पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं नसेल तरच. सौंदर्यप्रसाधनं, अंतर्वस्त्रं, कानातली आणि मिठाई-सुकामेवा यांच्यासाठी फेरा मारूच नका. ती परत घेतलेली दुकानदाराला फेकूनच द्यावी लागतात.

दिवस कुठून मोजतात

सात, पंधरा किंवा तीस दिवसांची मुदत विकल्याच्या तारखेपासून चालते. तुमच्या हातात वस्तू पडली त्या दिवसाशी तिचा संबंध नसतो. लग्नाच्या आहेराची खरेदी आठ-दहा दिवस आधी झालेली असते. मग लग्न, सत्यनारायण, मांडवपरतणी, देवदर्शन. सगळं आटपून खोकी उघडेपर्यंत पंधरा दिवस कधीच उलटून गेलेले असतात. तेव्हा खोकी लग्नानंतर दोन-तीन दिवसांत उघडावीत, निदान कपड्यांची तरी.

आहेराची वही अजून बऱ्याच घरांत लिहितात. तिच्यात नाव आणि वस्तू यांच्यापुढे आणखी दोन रकाने पाडा: टॅग किंवा सील आहे का, आणि दुकान कोणतं. वही लिहायला बसलेल्या भाच्याला हे आधी सांगितलं नाही तर तो कागद फाडताना टॅगही फाडतो.

देणाऱ्याला विचारायचं का?

विचारता आलं तर त्याच्याइतका सोपा मार्ग नाही. ‘आवडलं नाही’ हे सांगायचं कारण नाही. माप आणि दुहेरी वस्तू ही दोन कारणं कोणाच्याच मनाला लागत नाहीत. “आत्या, तू दिलेला मिक्सर अगदी हवा तसाच आहे, पण ऑफिसकडूनही मिक्सरच आला. तुझ्याकडे बिल असेल तर त्याऐवजी कुकर घेऊन येतो.” आत्याला यात वावगं वाटत नाही, उलट आपण दिलेल्या पैशाचं काय झालं ते तिला कळतं.

‘वॉरंटी नोंदवायचीय’ असं सांगून बिलाचा फोटो मागवायची युक्ती बरेच जण करतात. ती उघडी पडते. पैसे ज्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून आले तिथेच परत जायचे असतात, त्यामुळे परताव्याचा मेसेज आत्याच्याच फोनवर जाऊन पडतो. बदली केली तरी पुष्कळ दुकानांत बिल खरेदीदाराच्या मोबाइल नंबरावर नोंदलेलं असतं आणि बदलीचा एसएमएस, कधी ओटीपीही, त्या नंबरावर जातो.

हाच मोबाइल नंबर बिल शोधायची किल्लीही आहे. ५०,००० रुपयांच्या आतल्या बिलावर सामान्य ग्राहकाचं नाव-पत्ता लिहिणं जीएसटीच्या नियमांनुसार सक्तीचं नाही, म्हणून नावावरून बिल सापडेलच असं नसतं. नंबरावरून सापडतं. मात्र दुसऱ्याच्या नंबरावर काय काय खरेदी झालं ते तुम्हाला दाखवायला दुकान नकार देऊ शकतं, आणि तो नकार बरोबर आहे. ग्राहकाची खासगी माहिती उघड करणं ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. तुम्ही बिलाची प्रत मागू नका. “तुमच्या संगणकावर एवढंच बघा, की हा कोड गेल्या महिन्यात विकला गेलाय का” असं विचारा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांची त्यांना मिळतात.

दुकानदार का कचरतो

त्याला तुमच्यावर संशय असतोच असं नाही, पण अनुभव असतो. सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतलेली वस्तू पूर्ण किमतीला परत करणारे येतात. शेजारच्या दुकानातली आणणारे येतात. एका समारंभापुरती नेसून आणणारे तर नेमाने येतात. आणि चोरीच्या मालाला बिल नसतंच.

यापेक्षा मोठी अडचण करांची आहे. विक्री झाली तेव्हा दुकानाने तुमच्या देणाऱ्याकडून जीएसटी घेऊन सरकारात भरला. वस्तू परत आली की मूळ बिलाच्या आधारे क्रेडिट नोट (माल परत आल्याची हिशेबातली नोंद) काढून तो कर हिशेबातून कमी करायचा. बिलाचा क्रमांक आणि तारीख नसेल तर कोणत्या विक्रीचा किती कर कमी करायचा? हा प्रश्न कागदी वाटतो, पण आकडे बघा. १,५०० रुपये मूळ किमतीचा तयार कुर्ता २१ सप्टेंबर २०२५ ला १२ टक्क्यांनी १,६८० रुपयांना विकला गेला. २२ सप्टेंबरला कराचे दर बदलले आणि तोच कुर्ता ५ टक्क्यांनी १,५७५ ला. एकाच कुर्त्याच्या करात १०५ रुपयांचा फरक, आणि तो फक्त तारखेवर ठरतो.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघते. त्याच वस्तूचं फक्त माप बदलून मागितलं, म्हणजे ३८ च्या जागी ४० चा शर्ट, तर किंमत तीच, कर तोच, मूळ बिलाला हात लावावा लागत नाही. साठ्यातला एक नग आत आला, एक बाहेर गेला. म्हणून बारशाला आलेले बाळाचे कपडे मोठ्या मापाचे करून घेणं बिलाशिवाय सर्वांत सहज होतं. रंग बदलणं त्याखालोखाल. वेगळी वस्तू घेणं तिसऱ्या पायरीवर, आणि पैसे मागणं सगळ्यात शेवटी.

ब्रँडच्या दुकानांत आणखी एक मेख असते. पाटी एकच असली तरी मालक वेगळे असतात: एखादं दुकान कंपनीचं, दुसरं फ्रँचायझीवाल्याचं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पणजीत घेतलेला शर्ट कोल्हापुरात बदलायला नेला की तिथला माणूस म्हणतो, “आमच्या सिस्टिमला दिसत नाही.” तो टाळत नसतो. क्रेडिट नोट ज्या नोंदणीवर बिल निघालं तिथूनच निघावी लागते. अशा वेळी माप बदलून मिळालं तर ते त्या दुकानाचं सौजन्य समजायचं.

काउंटरवर

दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी परतीचा माल दारात आलेला कोणत्याही दुकानदाराला रुचत नाही, मग तो कितीही आधुनिक असो. शनिवार-रविवारची संध्याकाळही नको, कारण निर्णय घेणारा माणूस गल्ल्यावर अडकलेला असतो. मधल्या वारी बारा-साडेबाराची वेळ चांगली. पुण्यात एकच्या आत पोचा, पुढचं पुणेकरांना सांगायला नको.

मोठ्या दुकानात विक्रेत्यापाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बिलाशिवाय बदली करण्याचा अधिकार मॅनेजरकडे असतो, म्हणून थेट त्यांना भेटायचं. लहान दुकानात मालक. बोलणं साधारण असं:

“काका, ही साडी आमच्याकडे परवाच्या लग्नात आहेरात आली. तुमच्याकडचीच आहे, हा आत टॅग. घडी मोडलेली नाही. याच किमतीत दुसऱ्या रंगात काही दाखवता का?”

“बिल?”

“बिल ज्यांनी दिली त्यांच्याकडे आहे, आणि त्यांना विचारणं बरं दिसत नाही. पैसे नकोत, वरचे लागले तर आम्ही भरू.”

शेवटच्या वाक्याने बरंच काम होतं. परतीचं गिऱ्हाईक विक्रीचं गिऱ्हाईक होतं. आणि ‘पैसे नकोत’ हे ऐकलं की त्याची निम्मी भीती जाते.

दोन गोष्टी करू नयेत. ‘आम्हीच घेतली’ असं म्हणायचं नाही. पुढचा प्रश्न ‘किती तारखेला, कितीला?’ असतो आणि तिथे जीभ अडखळते. दुसरं, चांगल्या वस्तूत बिघाड आहे असं सांगायचं नाही. दुकानदार ती समोर लावून बघतो किंवा सर्व्हिस सेंटरला पाठवतो. तिथून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन ती परत येते, मधले दिवस गेलेले असतात आणि आता ती सीलबंदही नसते.

ओळखपत्र किंवा मोबाइल नंबर मागितला तर नंबर द्यायला हरकत नाही. आधारची झेरॉक्स एका कुर्त्यासाठी देण्याचं कारण नाही.

किती रक्कम धरतील? विक्रीची नोंद सापडली तर त्या किमतीची. नाही सापडली तर पुष्कळ दुकानं त्या वस्तूची अलीकडची सर्वांत कमी किंमत धरतात. २,४०० रुपयांचा ड्रेस सध्या ४० टक्के सवलतीत असेल तर तुमच्या नावावर १,४४० जमा होतात, देणाऱ्याने २,४०० मोजलेले असले तरी. म्हणून सेल चालू असताना बिलाशिवायची बदली टाळावी. मात्र मुदत संपत असेल तर तो विचार करत बसू नका.

बदलीत काही पसंत पडलं नाही तर पुढच्या खरेदीत वापरायची क्रेडिट नोट किंवा व्हाउचर मिळतं. ते खिशात टाकण्याआधी त्यावर मुदत लिहून घ्या, शाखेचं नाव बघा, आणि तीन गोष्टी विचारा: सेलच्या मालावर चालतं का, थोडं थोडं वापरता येतं का, हरवलं तर नोंदीवरून पुन्हा मिळतं का. व्हाउचरची छपाई थर्मल कागदावर असेल तर काही महिन्यांत ती उडते. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

वस्तू खराब निघाली तर

इथे सगळा नूर पालटतो. चांगली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून दुकानाने परत घेतलीच पाहिजे असा कायदा भारतात नाही. ते दुकानाच्या धोरणावर आहे. पण वस्तू सदोष असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्या कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही.

“ज्यांनी घेतलं त्यांना घेऊन या” हे उत्तरही अशा वेळी टिकत नाही. कलम २(७) मधल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत विकत घेणारा तर आहेच, शिवाय त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही आहे. भेट दिली याचा अर्थ संमती आहेच. म्हणजे आहेरात आलेला बंद पडलेला पंखा घेऊन तुम्ही स्वतः तक्रार करू शकता.

बिलाची गरज मात्र इथे वाढते, कारण खरेदी सिद्ध करावी लागते. देणाऱ्याची आता लाज धरू नका, खराब निघालेल्या वस्तूबद्दल सांगितलेलं कोणालाही आवडतं. त्यांच्याकडेही बिल नसेल तर यूपीआय ॲपमधली नोंद काढायला सांगा. तिच्यावर दुकानाचं नाव, तारीख, रक्कम आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक असतो. कार्डाचं स्टेटमेंटही चालतं. रोखीत, कच्च्या पावतीवर घेतलं असेल तर तीच पावती जपा. नोंदणी असलेल्या दुकानाने २०० रुपये किंवा जास्त किमतीच्या विक्रीवर करबिल द्यायलाच हवं, आणि बिल न देणं हीदेखील याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. तेव्हा ‘बिल नाही तर काही नाही’ म्हणणाऱ्याला तुम्ही बिल का दिलं नाहीत, असं विचारता येतं.

दुकानाने हात वर केले तर कंपनीकडे जा. डबाबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, ईमेल छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बिल नसेल तर काही कंपन्या अनुक्रमांकावरून निर्मितीचा महिना काढतात आणि वॉरंटी तिथून मोजतात. त्यात काही महिने बुडतात, पण दुरुस्ती फुकट होते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवून कंपनीकडून उत्तर मागवतात. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बाराशेच्या इस्त्रीसाठी तिथवर कोणी जाऊ नये, पण फ्रिजसाठी जरूर जावं.

सोनं, चांदी आणि नाव घातलेली भांडी

दागिन्याचं दुकान बिलाशिवाय शोधता येतं, हे फार कमी जणांना माहीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला असतो. भिंगातून वाचा आणि भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि तो हॉलमार्क करून घेणारा सराफ कोण, हे समोर येतं. मात्र २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. बाळाच्या अंगठ्या आणि मणी नेमके याच वजनाचे असतात, तिथे डबीवरच भिस्त. ज्या सराफाकडचा दागिना त्याच्याकडे बदलीत तूट कमी पडते. मजुरी आणि ३ टक्के जीएसटी मात्र सहसा गेला म्हणूनच धरायचा. सोन्याचं नाणं सीलबंद कार्डात असेल तर कार्ड फोडू नका. आणि बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही, ते सराफाकडेच न्यावं लागतं.

चांदीच्या गणपतीची मूर्ती हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने फारच हलकी वाटली तर वर चांदीचा पत्रा किंवा मुलामा आणि आत राळ किंवा पोकळी असते. तिला मोडीत भाव नाही, दुकानात बदलून मिळाली तर मिळाली.

स्टीलच्या डब्यांवर, पितळी पातेल्यावर ‘चि. सौ. कां. … हिच्या विवाहप्रसंगी सप्रेम भेट’ असं मशीनने नाव घातलेलं असेल तर ते भांडं नवं म्हणून कोणी घेणार नाही. ते मोडीत जातं, आणि मोड वजनावर. तांब्या-पितळेला बरा भाव येतो, स्टीलला इतका कमी की भांडं वापरणंच परवडतं. भांड्यांच्या दुकानात मोड देऊन नवं घेतलं तर भाव थोडा जास्त धरतात. तो आधी विचारून घ्यावा आणि वजनकाटा शून्यावर आहे का ते बघावं.

ऑनलाइन आणि परदेशातून

ऑनलाइन मागवलेली भेट देणाऱ्याच्या खात्यावर असते. परतीचं बटण त्याच्याच ॲपमध्ये, पैसेही त्याच्याकडेच. त्यामुळे इथे गुपचूप काही करता येत नाही. पार्सलवरचं लेबल मात्र फेकू नका, विक्रेत्याचं नाव आणि ऑर्डर क्रमांक तिथेच असतो. वस्तू सदोष, बनावट, वर्णनाहून वेगळी किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेली असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत प्रश्न सोपा आहे, कारण तिथे ‘गिफ्ट रिसीट’ मिळते. तिच्यावर बारकोड असतो, किंमत नसते. तीही नसेल तर पुष्कळ साखळी दुकानं ड्रायव्हिंग लायसन्स मागतात, त्याची नोंद ठेवतात, आणि एकाच माणसाने विनापावती वस्तू वारंवार परत केल्या की यंत्रणाच नकार देते. मिळतं ते स्टोअर क्रेडिट, चालू कमी किमतीचं. अ‍ॅमेझॉनवर भेट म्हणून नोंदवलेल्या ऑर्डरचा सतरा आकडी क्रमांक पॅकिंगच्या चिठ्ठीवर असतो. तो टाकला की घेणाऱ्याला परस्पर गिफ्ट कार्डाच्या रूपात पैसे मिळू शकतात.

आपल्याकडेही काही ब्रँडच्या दुकानांत मागितल्यावर किंमत नसलेली पावती देतात. बिलिंग चालू असतानाच सांगावं लागतं, नंतर निघत नाही. मिळाली नाही तर दुकानाचं कार्ड घेऊन त्यावर मागे तारीख आणि बिल क्रमांक लिहावा आणि ते कार्ड खोक्यात, टॅगला लावून ठेवावं. किंमत झाकायची असेल तर छापील किमतीवर छोटं स्टिकर लावा, बारकोड मोकळा सोडा. आणि पुस्तक देत असाल तर ‘सप्रेम भेट’ वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पानांत सरकवा.